बर्मिंगहॅम रॉयल बॅले: कार्लोस अकोस्टाच्या कंपनीचे तीन शो बघितल्यावर

बॅलेला जावं का, मुलं बसतात का, पैसे वसूल होतात का, हे मला ओळखीच्या इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं नीट लिहून टाकते. आम्ही हार्बोर्नला राहतो, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्येच, आणि २०२२ पासून बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचे तीन मोठे शो बघितले, डॉन क्विक्झोट, ब्लॅक सॅबथ आणि नटक्रॅकर, तिन्ही हिपोड्रोम थिएटरला. मी नाशिकला आठ वर्षं कथक शिकलेय, बॅले बघायला लागले ते इथे आल्यावर, त्यामुळे माझी नजर कथकवालीची आहे हे धरून वाचा.

शोबद्दल सांगतेच, पण आधी ही कंपनी चालवणाऱ्या माणसाबद्दल सांगायचंय, कारण तिन्ही शो बघताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं एका विशिष्ट माणसाच्या डोक्यातून आणि त्याच्या लहानपणातून येतंय. आपल्याकडे जुनी माणसं अजून 'कंपनी' म्हणाली की त्यांना ऑफिस नाही, नाटक कंपनी आठवते, बिऱ्हाडासकट गावोगाव फिरणारी. आणि नट कंपनीचा मालक झाला की काय होतं हेही आपल्याला माहितीये. बालगंधर्वांनी १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी काढली, तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस बसवला, शालू, अत्तर, कशातच हात आखडला नाही आणि शेवटी कर्जात बुडाले. त्यामुळे एखादा मोठा नर्तक कंपनीचा डायरेक्टर झाला असं ऐकलं की मला आधी धाकधूकच होते, कारण स्टेजवर लागते ती हिंमत वेगळी आणि साठ नर्तकांची कंपनी चालवायला लागते ती वेगळी.

कार्लोस अकोस्टा जन्मला १९७३ ला हवानामध्ये, शहराच्या कडेच्या लॉस पिनोस नावाच्या गरीब वस्तीत, अकरा भावंडांत शेंडेफळ. वडील पेद्रो ट्रक चालवायचे. पोरगं दिवसभर फुटबॉल आणि ब्रेकडान्स करत गल्लीत हुंदडायचं, वाया जाईल म्हणून वडिलांनी नऊ वर्षांचा असताना बॅलेच्या शाळेत टाकलं, कारण ती सरकारी शाळा होती, फुकट होती, शिस्त लागेल आणि दुपारचं जेवणही मिळेल. म्हणजे कलेची आवड वगैरे काही नाही, पोटभर जेवण हे एक कारण. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, आपल्याकडे शाळेत खिचडी मिळते म्हणून येणारी किती मुलं असतात आणि त्यातलं एखादं काय निघेल ते कुणाला सांगता येतं.

त्याला बॅले अजिबात नको होतं. शाळा बुडवायचा, इतकी की काढून टाकलं, मग लांब पिनार देल रिओला बोर्डिंगच्या शाळेत पाठवलं, आणि तिथे एकदा क्युबाच्या राष्ट्रीय बॅलेचा प्रयोग बघताना एका नर्तकाला हवेत उडी मारून जणू वरच थांबलेला बघितलं आणि पोरगं बदललं. पुढे रामोना दे सा या बाईंनी त्याला घडवलं, अक्षरशः हाताला धरून इटलीत तुरिनला नेलं, १९९० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या बॅले स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं, आणि १९९१ ला अठराव्या वर्षी तो लंडनला इंग्लिश नॅशनल बॅलेत प्रिन्सिपल, म्हणजे प्रमुख नर्तक झाला. इंग्रजीचा पत्ता नाही, थंडीची सवय नाही. मग घोट्याचं दुखणं, ऑपरेशन, परत घरी. त्यानंतर १९९३ पासून अमेरिकेतलं ह्यूस्टन बॅले आणि १९९८ पासून लंडनचं रॉयल बॅले, तिथे सतरा वर्षं. काळ्या कातडीचा मुलगा राजकुमारांच्या भूमिका करतोय हे त्या स्टेजवर तेव्हा किती नवीन होतं हे आज मुलांना समजावून सांगावं लागतं.

हे सगळं वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या आयुष्यात ज्या ज्या डायरेक्टरांनी दार उघडलं ते सगळे स्वतः आधी नाचणारे. क्युबाची कंपनी आणि शाळा उभी करणाऱ्या आलिसिया आलोन्सो, ज्यांची नजर विशीतच अधू झाली होती तरी स्टेजवरच्या दिव्यांच्या अंदाजाने त्या पुढे कित्येक वर्षं नाचल्या, त्याला लंडनला बोलावणारे इव्हान नाज, ह्यूस्टनचे बेन स्टीव्हन्सन, रॉयल बॅलेचे अँथनी डॉवेल. आणि या बर्मिंगहॅमच्या कंपनीचं मूळ ज्यांच्यापाशी जातं त्या निनेट द व्हॅल्वा, त्याही नर्तकीच. आपण ज्याला गुरुपरंपरा म्हणतो तेच हे, फक्त इथे गुरू पगारपत्रकावर सही पण करतो. आपल्याकडे पुण्यात रोहिणीताई भाटेंनी १९४७ ला नृत्यभारती काढली ती अशाच ओढीनं, स्वतः नाचत असतानाच दुसऱ्यांना उभं करायचं म्हणून.

तर २०१५ ला रॉयल बॅलेतून निवृत्त झाल्यावर त्याने आधी हवानाला स्वतःची अकोस्टा दान्सा काढली, आणि जानेवारी २०२० ला डेव्हिड बिंटली यांच्यानंतर बर्मिंगहॅमची कंपनी हातात घेतली. दोन-अडीच महिने झाले नाहीत तर लॉकडाऊन. नर्तक घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून व्यायाम करतायत, थिएटरं बंद. मला आठवतं तेव्हा वाटलं होतं संपलं आता, हा माणूस परत क्युबाला जाणार. पण त्या ऑक्टोबरातच त्यांनी बर्मिंगहॅम रेपर्टरीच्या थिएटरमध्ये, नर्तकांमध्ये अंतर ठेवून करता येईल असा नवा कार्यक्रम लोकांसमोर आणला. तिथेच मला पहिल्यांदा वाटलं की हा चालवणारा माणूस आहे.

आता शो.

डॉन क्विक्झोट आम्ही फेब्रुवारी २०२२ ला बघितला, कोविडनंतर पहिल्यांदा इतक्या माणसांत बसलो होतो. हे त्याचंच प्रॉडक्शन, आधी २०१३ ला रॉयल बॅलेसाठी केलं होतं आणि इथल्या कंपनीसाठी परत बेतून घेतलं, टूरवर नेता येईल असं. नाव डॉन क्विक्झोटचं असलं तरी गोष्ट खरं तर किट्री आणि तिच्या न्हाव्याची, बासिलिओची, बापाला जावई म्हणून पैसेवाला हवाय आणि पोरीला हा हवाय, म्हणजे आपल्याला अगदी ओळखीची. मला यात सगळ्यात आवडलं ते हे की स्टेजवरची गर्दी खरी गर्दी वाटते. बॅलेत मागचे लोक बऱ्याचदा एका ओळीत शोभेला उभे असतात, इथे ते ओरडतात, टाळ्या देतात, एकमेकांना चिडवतात, स्टेजवर गिटार वाजते. ज्या माणसाचं लहानपण गल्लीत गेलं त्यालाच गल्ली अशी उभी करता येते.

आमची तिकिटं नशिबाने दुसऱ्या रांगेची होती, आणि इतक्या जवळून बॅले बघणं हा वेगळाच प्रकार आहे. लांबून सगळं पिसासारखं हलकं दिसतं. जवळून पॉइंट शूजचा आवाज येतो, टक टक टक, साटीनच्या आत कागद-कापडाचे थर आणि गोंद वाळवून केलेलं ते कडक टोक लाकडावर आपटतं त्याचा. श्वास ऐकू येतो. शेवटच्या अंकात किट्रीच्या त्या बत्तीस फुएते असतात, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने चाबकासारखा झटका देत गरागरा फिरायचं, आणि मी आपसूक मोजायला लागले कारण आमच्याकडे चक्कर मोजायची सवय, वीस-बावीसनंतर तिच्या मानेची शीर दिसायला लागली, कपाळावरून घामाचा थेंब फिरताना उडाला तो दिव्यात चमकला, आणि चेहऱ्यावर मात्र पूर्ण वेळ हसू. कथकमध्ये आम्ही पाय जमिनीला देतो, पूर्ण तळवा, घुंगरांसकट. हे लोक जमिनीकडून फक्त इंचभर जागा उसनी घेतात. माझे डोळे भरून आले होते तेव्हा. अशा शूजचा एक जोड प्रमुख नर्तकीला एका प्रयोगातही संपतो म्हणे, आणि ते बघितल्यावर लगेच पटतं.

कमी काय वाटलं तर खुद्द डॉन क्विक्झोटला फारसं काही करायला नाही, तो बिचारा भाला घेऊन इकडून तिकडे जातो, पण तो दोष जुन्या बॅलेचाच आहे. स्वप्नाचा भाग सुंदर दिसतो पण लांबतो, तिथे माझी लेक, तेव्हा सात वर्षांची, चुळबुळ करायला लागली होती.

ब्लॅक सॅबथ. याबद्दल सांगायला पाहिजेच, कारण मला नवऱ्याला ओढून न्यावं लागलं नाही असा हा एकमेव बॅले. तो पुण्यात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर ब्लॅक सॅबथ या रॉक बँडच्या कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेला माणूस. ही बँड बर्मिंगहॅमच्या ॲस्टनची, १९६८ सालची, हेवी मेटल इथूनच सुरू झालं म्हणतात, ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला त्यांचं नाव आहे आणि तिथे चौघांच्या चेहऱ्यांचा बाकही बसवला होता. कार्लोसने शहरात येऊन काय केलं असेल तर विचारलं की तुमच्या शहराचं म्हणून काय आहे, आणि त्यावर बॅले करायचं ठरवलं. सप्टेंबर २०२३ ला ते रंगमंचावर आलं. तीन अंक, तीन कोरिओग्राफर, मुख्य पाँटस लिडबर्ग आणि बरोबर राऊल रेनोसो आणि कासी अब्रांशेस, खाली पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या वादकांच्या खड्ड्यात, पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि वर स्टेजवर नर्तकांच्या मधून फिरणारा एक गिटारवाला.

त्या रात्री हिपोड्रोमच्या लॉबीत जे दृश्य होतं ते मी विसरणार नाही. काळे टी-शर्ट, पांढऱ्या दाढ्या, हातभर टॅटू, त्यांच्या शेजारी मोत्यांच्या माळा घातलेल्या बॅलेच्या नेहमीच्या आजीबाई, आणि मध्ये आम्ही, मी खणाचा ब्लाऊज आणि साडी, नवरा त्याच्या काळ्या टी-शर्टात. माझ्या शेजारचे काका साठीच्या पुढचे असतील, आयुष्यभर कारखान्यात काम केलं आणि या थिएटरात पहिल्यांदाच आलो म्हणाले. दुसऱ्या अंकात बँडच्या लोकांचे रेकॉर्ड केलेले आवाज येतात, त्यांच्या आठवणी, त्यात बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची बोटांची गोष्ट, सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली, हा डावखुरा म्हणजे तारांवर दाबायची तीच बोटं, मग पठ्ठ्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि वाजवायला लागला. ते ऐकताना शेजारच्या काकांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे करून बघितले. घोट्याचं ऑपरेशन झालेल्या नर्तकाने ही गोष्ट का निवडली असेल हे मला त्या क्षणी कळलं. (याच हिपोड्रोमच्या इमारतीत कंपनीचं नर्तकांच्या दुखापतींवर उपचार करायचं सेंटर आहे, जेरवुड सेंटर म्हणतात, तेही इथे सांगून ठेवते.)

पहिल्या अंकात एक जोडी पूर्ण वेळ ओठाला ओठ लावून नाचते, उचलणं, वळणं, जमिनीवर येणं सगळं, आणि एकदाही सुटत नाही. लेकीला नेलं नव्हतं, बरं झालं, पण त्यात अश्लील काहीच नव्हतं, कमालीचं नाजूक होतं. माझ्या मते दुसऱ्या अंकात बोलणं जास्त आणि नाच कमी झालाय, तो भाग अजून घट्ट करता आला असता. शेवटच्या अंकाला मात्र अख्खं थिएटर उभं राहिलं, टाळ्या नाही, आरोळ्या. हवानाला बॅलेला लोक बेसबॉलच्या मॅचसारखे ओरडतात म्हणतात, त्या रात्री बर्मिंगहॅम तसं झालं होतं. पुढे जुलै २०२५ ला बँडचा गायक ऑझी गेला तेव्हा नवरा ब्रॉड स्ट्रीटच्या त्या बाकाजवळ फुलं ठेवायला गेला होता, आणि घरी आल्यावर तो त्या बॅलेबद्दलच बोलत होता.

आणि ज्या महिन्यात हा शो लागला त्याच महिन्यात, ५ सप्टेंबर २०२३ ला, बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, हात वर केले. सेक्शन ११४ म्हणतात त्याला, म्हणजे पैसे संपले, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. पुढच्या वर्षी शहराचा कौन्सिल टॅक्स जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला आणि शहरातल्या मोठ्या कलासंस्थांचं अनुदान आधी अर्धं आणि मग शून्य करायचं ठरलं, त्यात ही कंपनीही आली. मला त्या बातमीने झोप लागली नव्हती. नर्तक असताना फक्त स्वतःचा घोटा सांभाळायचा असतो, डायरेक्टर झाल्यावर नर्तक, ऑर्केस्ट्रा, कपडेपट, सुतार, सगळ्यांची चूल सांभाळायची. आणि तरीही २०२२ मध्येच सुरू केलेली बीआरबी-टू नावाची तरुण नर्तकांची छोटी कंपनी त्याने बंद पडू दिली नाही. शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं, त्यांना मोठ्या भूमिका देऊन लहान लहान गावांच्या थिएटरांत फिरवतात. मोठ्या कंपनीत अशा मुलांना वर्षानुवर्षं मागे झाड होऊन उभं राहावं लागतं, आणि ज्याला अठराव्या वर्षी कुणीतरी पुढे उभं केलं होतं त्याला याचं महत्त्व कोण सांगणार. माझ्यासाठी त्याच्या कामातली ही सगळ्यात मोठी गोष्ट, ब्लॅक सॅबथपेक्षाही.

अजून एक, जे त्याच्या आधीपासून चालू आहे पण फार कमी आपल्या लोकांना माहितीये. कंपनीचा डान्स ट्रॅक म्हणून उपक्रम आहे, त्यांचे शिक्षक शहरातल्या प्राथमिक शाळांमध्ये जातात, लहान मुलांमधून ज्यांच्या अंगात काही दिसतं ती निवडतात आणि त्यांना फुकट शिकवतात. शाळेतून चिठ्ठी आली तर 'आपल्याला काय करायचंय बॅले' म्हणून फेकू नका प्लीज. पेद्रो ट्रक ड्रायव्हरने असं म्हटलं असतं तर?

नटक्रॅकर. हा कार्लोसचा नाही, सर पीटर राइट यांचा, १९९० ला कंपनी लंडनहून बर्मिंगहॅमला आली तेव्हा शहराला भेट म्हणून केलेला, आणि दर डिसेंबरात असतो. नव्या डायरेक्टरला जुनं सगळं मोडून स्वतःचं नाव लावायचा मोह होतो, त्याने हा जपला, हीसुद्धा मला जमेची बाजू वाटते. गेल्या वेळी माझी आई नाशिकहून आली होती, सत्तरी ओलांडलेली, इंग्रजी बेताचं, गुडघे दुखतात. मी धास्तावले होते की ती बसेल का अडीच तास. पहिल्या अंकात ख्रिसमसचं झाड वाढायला लागतं, वाढतं, वाढतं, छताला जातं, शेकोटी भिंतीएवढी होते आणि त्यातून उंदरांचा राजा बाहेर येतो, तेव्हा आईने माझं मनगट धरलं ते इंटरव्हलपर्यंत सोडलं नाही. क्लारा हंसावर बसून उडत जाते तेव्हा लेक मागून म्हणाली, "आजी, बघ बघ," आणि आई म्हणाली, "बघतेय गं बाई, पापणी नाही लवत माझी." इंटरव्हलला तिने विचारलं, "हे वाजवणारे खरे बसलेत का खाली, का टेप आहे?" मी तिला पुढे पिटच्या कठड्यापाशी नेलं. रॉयल बॅले सिन्फोनिया या कंपनीच्या ऑर्केस्ट्राचे एक-दोन वादक बसून वाद्य पुसत होते, एकीने वर बघून हात हलवला, आईने नमस्कार केला.

आता कामाच्या गोष्टी. तिकिटं थिएटरच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. मी एकदा घाईत सर्चमध्ये वर दिसलेल्या भलत्याच रीसेल साइटवरून काढली आणि जवळजवळ दुप्पट पैसे गेले, वर सीट खांबाआड. नटक्रॅकरची लवकर काढा, शाळेच्या सुट्टीतले दुपारचे शो आधी भरतात. वरच्या सर्कलची स्वस्त तिकिटं वाईट अजिबात नाहीत, नाचाची रांगोळी वरूनच दिसते, बर्फाच्या सीनला तर मी वरचीच सीट घेईन. पाय आणि चेहरे बघायचे असतील तर खाली स्टॉल्समध्ये. न्यू स्ट्रीट स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, गाडी नेऊ नका. बाजूलाच चायनाटाउन आहे, शोच्या आधी गरम नूडल सूप मिळतं, पण टेबल आधी सांगून ठेवा नाहीतर शोची वेळ होते. गोष्ट घरून वाचून जा, मुलांना वाचून दाखवा, कारण बॅलेत कुणी बोलत नाही आणि पहिली दहा मिनिटं कोण कुणाचं हे कळण्यात जातात. सहाच्या आतल्या मुलांना डॉन क्विक्झोट नको, नटक्रॅकर चालेल.

रेटिंग द्यायचं तर नटक्रॅकरला पाचपैकी पाच, डॉन क्विक्झोटला साडेचार, ब्लॅक सॅबथला चार, नवरा म्हणतो पाच.

आई परत यायचं म्हणतेय, येत्या डिसेंबरची तिकिटं काढून झालीत, ह्यावेळी तिच्यासाठी पायऱ्या न लागणारी कडेची सीट, पिटच्या जवळची, तिने स्वतःच फोनवर सांगितलं की वाजवणारे दिसले पाहिजेत.